विळा, हातोडा आणि तकदीर : मेहबूब खान यांची कहाणी

गेल्या वर्षी नववीच्या मुलांना मी वर्गात 'मदर इंडिया' दाखवायला घेतला. इतिहासात जमीनदारी आणि सावकारीचा धडा होता, म्हटलं पुस्तकातल्या चार ओळींपेक्षा सुखीलालाची वही मुलांच्या डोळ्यांपुढे आली तर बरं. पण सुखीलालापर्यंत पोहोचायच्या आधीच वर्गात हात वर झाले. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं होतं : विळा, हातोडा आणि इंग्रजी एम अक्षर. सोबत भारदस्त आवाजात एक उर्दू शेर. मुलांनी विचारलं की सर, ही तर निवडणुकीतल्या पार्टीची निशाणी आहे ना? मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न याहून पुढचा होता. विळा-हातोडावाले तर देव मानत नाहीत म्हणतात, मग खाली खुदाचं नाव कसं?

मी पॉजचं बटण दाबलं. खरं सांगायचं तर मलाही लगेच उत्तर देता आलं नाही. तो शेर मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमचे अब्बा घरात कुणी शेजाऱ्याच्या जळफळाटाबद्दल कुरकुर केली की तोच शेर म्हणून विषय संपवायचे. आपल्यापैकी कितीतरी घरांत तो असाच म्हटला जात असेल. अर्थ सोपा आहे. दुश्मनाने लाख वाईट चिंतलं तरी काय होणार, होणार तेच जे खुदाला मंजूर आहे. पण हा शेर सिनेमाच्या सुरुवातीला, विळा-हातोड्याबरोबर का आला, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. ते समजायचं तर ज्या माणसाने ही निशाणी निवडली त्याची जिंदगी बघावी लागते. म्हणून मरहूम मेहबूब खान साहेबांची ही कहाणी.

बिलिमोऱ्याचा मुलगा

मेहबूब खान रमजान खान यांचा जन्म ९ सप्टेंबर १९०७ चा, गुजरातमधल्या बिलिमोऱ्याचा. आज हे गाव नवसारी जिल्ह्यात आहे, तेव्हा ते गायकवाडांच्या बडोदा संस्थानात होतं. घर गरीब. शाळेचं तोंड मेहबूबनी फारसं पाहिलं नाही. यातली एक गोष्ट शिक्षक म्हणून मला नेहमी खटकते. महाराजा सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आधी अमरेली भागात प्रयोग म्हणून आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. म्हणजे मेहबूब जन्मले तेव्हा त्यांच्या मुलखात शाळेचा कायदा होता. तरीही ते अक्षरांपासून दूरच राहिले. कायदा झाला म्हणून गरिबाचं पोर आपोआप शाळेत जात नाही, हे आपण आजही आपल्या मोहल्ल्यात बघतो.

अभ्यास नव्हता, पण सिनेमाचं वेड होतं. आणि त्या काळात सिनेमा म्हणजे मुंबई. तरुण वयातच मेहबूबनी घर सोडून मुंबई गाठली. ओळख ना पाळख, हातात हुन्नर म्हणावा असा नाही, शिक्षणाचा कागद तर नाहीच. स्टुडिओच्या दाराशी उभं राहायचं, गर्दीत उभं राहायचं काम मिळालं तर करायचं, असे ते दिवस.

१९२७ मध्ये अर्देशिर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीच्या 'अलीबाबा आणि चाळीस चोर' या मूकपटात त्यांना काम मिळालं. कोणतं? चाळीस चोरांपैकी एक. चाळीस चोरांत एक चोर प्रेक्षकाला काय आठवणार! पण ध्यानात ठेवा, कारण पुढे १९४० मध्ये याच गोष्टीवरचा 'अलीबाबा' मेहबूब खान यांनी स्वतः दिग्दर्शित केला. तेरा वर्षांत गर्दीतला एक चोर त्या गर्दीला उभं करणारा झाला.

मधल्या काळात एक मोठी संधी हातातोंडाशी येऊन गेली. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ मध्ये आला. त्याच्या नायकाच्या भूमिकेसाठी आधी मेहबूब यांचा विचार झाला होता. पण इराणींना चालणारं नाव हवं होतं, म्हणून भूमिका गेली मास्टर विठ्ठल यांच्याकडे. विठ्ठल हे त्या काळचे मारधाडीचे मोठे मराठी नट. दुसऱ्या कंपनीचा करार मोडून ते आले म्हणून कोर्टकज्जा झाला आणि त्यांचे वकील होते बॅरिस्टर जिना. मेहबूब मात्र पुन्हा दुय्यम भूमिकांवर. आपल्यापैकी कुणीही असतं तर तकदीर खोटी म्हणून गाडी पकडून गावी गेलं असतं. ते गेले नाहीत.

नटाचा दिग्दर्शक झाला

चिमणलाल देसाई यांच्या सागर मूव्हीटोनमध्ये मेहबूब कामं करत राहिले. भूमिका लहान असली की सेटवर वेळ खूप मिळतो. त्या वेळात त्यांनी कॅमेरा कुठे लावतात, उजेड कुठून टाकतात, गर्दी कशी हलवतात हे सगळं डोळ्यांनी टिपलं. पुस्तक वाचता येत नसेल तर माणूस दुसऱ्याचे हात वाचायला शिकतो. १९३५ मध्ये सागरने त्यांच्या हातात पहिला चित्रपट दिला, 'अल हिलाल', ज्याला 'जजमेंट ऑफ अल्लाह' असंही नाव होतं. रोमन आणि मुसलमान यांच्या संघर्षाची ही पोशाखी गोष्ट, सेसिल डिमिल या अमेरिकन दिग्दर्शकाच्या चित्रपटावरून सुचलेली. चित्रपट चालला आणि कॅमेऱ्यापुढचा मेहबूब कायमचा कॅमेऱ्यामागे गेला. पुढे लोक त्यांनाच हिंदुस्थानचे डिमिल म्हणू लागले.

त्यानंतर 'डेक्कन क्वीन', 'मनमोहन', 'जागीरदार', 'वतन', 'एक ही रास्ता' असे चित्रपट एकामागून एक आले. पण मेहबूब खान यांचा खरा सूर लागला १९४० च्या 'औरत'मध्ये. नॅशनल स्टुडिओसाठी केलेला हा चित्रपट म्हणजे एका शेतकरी बाईची कहाणी. नवरा गेला, सावकाराने गळा धरला, पोरं वाढवायची, आणि शेवटी आपल्याच बिघडलेल्या मुलाविरुद्ध उभं राहायचं. राधाची भूमिका सरदार अख्तर यांनी केली, बिरजूची याकूब यांनी आणि सावकार सुखीलाला झाले कन्हैयालाल. १९४२ मध्ये 'रोटी' आला. त्यात पैशाची हाव माणसाला कुठे नेते हे त्यांनी इतकं उघडं करून दाखवलं की आजही बघताना थोडं दचकायला होतं. मलिका-ए-गजल बेगम अख्तर या चित्रपटात आहेत, सितारादेवी आणि शेख मुख्तारही आहेत.

हे दोन चित्रपट एकापाठोपाठ पाहिले की विळा-हातोडा अचानक आलेला नाही हे लक्षात येतं. 'औरत'मध्ये विळा आहे, म्हणजे शेतकरी. 'रोटी'त कष्टकऱ्याच्या घामाचा हिशेब आहे. निशाणी नंतर आली, विषय आधीच होता.

स्वतःची कंपनी, स्वतःची निशाणी

१९४३ मध्ये मेहबूब खान यांनी स्वतःची संस्था काढली, मेहबूब प्रॉडक्शन्स. आता इतरांच्या नावाखाली नाही, आपल्या नावावर चित्रपट. आणि नाव लावायचं तर निशाणी हवी.

त्या काळी कंपनीची निशाणी म्हणजे साधी गोष्ट नव्हती. लोकांना सगळी अक्षरं वाचता येत नसत, पण निशाणी बघून थिएटरमध्ये शिट्ट्या वाजत. आपल्या मराठी माणसाला प्रभातची तुतारी आठवते. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली, पण तुतारी फुंकणारी ती स्त्री सोबत राहिली. सोहराब मोदींच्या मिनर्व्हाचा सिंह होता. पुढे राज कपूर यांनी 'बरसात'मधल्या प्रसंगावरून, हातात व्हायोलिन आणि मिठीत नायिका, अशी आर.के.ची निशाणी बनवली. तिकडे अमेरिकेत फॉक्स कंपनीची ढोलताशांची सुरावट आल्फ्रेड न्यूमन यांनी १९३३ मध्ये बांधली आणि रुंद पडदा आल्यावर ती लांबवली. कुणाची निशाणी संगीताची, कुणाची जनावराची, कुणाची प्रेमाची.

मेहबूब खान यांनी उचलली शेतकऱ्याची आणि कामगाराची हत्यारं. त्यांच्यामध्ये आपल्या नावाचं पहिलं अक्षर. आणि संगीताच्या जागी, म्हणजे इतर कंपन्या जिथे तुतारी किंवा डरकाळी ठेवत तिथे, खुदाच्या मर्जीचा शेर.

काळ बघा. दुसरं महायुद्ध चालू होतं, सोव्हिएत रशिया दोस्तांच्या बाजूने लढत होता, आणि आपल्याकडे लेखक, शायर, नाटकवाले पुरोगामी विचारांनी भारलेले होते. १९४३ मध्येच इप्टाची स्थापना झाली. मेहबूब त्या हवेत श्वास घेत होते. पण ते कुठल्या पक्षाचे कार्यकर्ते नव्हते. ते धार्मिक वृत्तीचे मुसलमान होते आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. म्हणून माझ्या वर्गातल्या मुलीला जो विरोध दिसला तो मेहबूब साहेबांना दिसला नसावा. त्यांनी पुस्तकं वाचून विळा-हातोडा घेतला नव्हता. कष्टाची दुनिया त्यांनी आतून पाहिली होती, आणि अल्लाहवरचा भरवसाही त्याच दुनियेतून आला होता. गरीब मुसलमानाच्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच चटईवर बसतात. सकाळी फजरची नमाज आणि मग दिवसभर घण मारायचा.

आपल्याकडे तकदीरचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो, हे मी पालकसभेत नेहमी बघतो. मुलगा नापास झाला, तकदीर. मुलीला अकरावीला घातलं नाही, तकदीर. आपल्या दीनमध्ये तर आधी उंट बांधा आणि मग अल्लाहवर सोपवा अशी शिकवण आहे. मेहबूब खान यांच्या निशाणीत मला नेमकं हेच दिसतं. हत्यारं आधी, शेर सोबत. हत्यारं नसती तर तो शेर नुसता सुस्कारा झाला असता.

गंमत म्हणजे नव्या कंपनीच्या सुरुवातीच्या दोन चित्रपटांपैकी एकाचं नावच 'तकदीर' होतं. १९४३ च्या त्या चित्रपटात नर्गिस पहिल्यांदा नायिका म्हणून पडद्यावर आल्या, वय जेमतेम चौदा. दुसरा होता 'नजमा', अशोक कुमार आणि वीणा यांचा, लखनऊच्या मुस्लिम घराण्यांची गोष्ट. १९४५ मध्ये 'हुमायूं', १९४६ मध्ये नूरजहां, सुरैया आणि सुरेंद्र यांचा 'अनमोल घडी'. 'अनमोल घडी'पासून नौशाद साहेब आले ते मेहबूब खान यांच्या शेवटच्या चित्रपटापर्यंत थांबले. कॅमेऱ्यामागे फरदून इराणी. माणसं जोडायची आणि टिकवायची, हा मेहबूब यांचा गुण होता.

१९४७ चा 'एलान' आज फारसा कुणाला माहीत नाही. पण आपल्या वाचकांनी त्याचं नाव लक्षात ठेवावं. मुस्लिम घरातली कहाणी आणि गाभ्यात एकच आग्रह, तालीम. फाळणीचं वर्ष, चहूकडे आग लागलेली, आणि ज्याला स्वतःला शाळा मिळाली नाही तो माणूस आपल्या कौमला शिकण्याबद्दल सांगत होता. मला वाटतं हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा जवाब आहे, त्यांना शाळा न देणाऱ्या परिस्थितीला.

लंडनपर्यंत

१९४९ मध्ये मुंबईत मरीन लाइन्सजवळ लिबर्टी थिएटर उघडलं, ते मेहबूब खान यांच्या 'अंदाज'ने. नर्गिस, दिलीप कुमार आणि राज कपूर या तिघांना एकत्र आणणारा हा चित्रपट. दिलीप आणि राज पुन्हा कधीच एका चित्रपटात आले नाहीत.

मग 'आन', १९५२. घोडे, तलवारी, राजवाडा, मगरूर राजकन्या नादिरा आणि गावरान दिलीप कुमार. १६ मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर चित्रण करून मोठ्या पडद्यासाठीच्या टेक्निकलर प्रती लंडनमध्ये काढल्या. नौशाद यांनी शंभर वादकांचा ताफा वापरला. लंडनमध्ये 'द सॅव्हेज प्रिन्सेस' या नावाने चित्रपट झळकला आणि इतर अनेक देशांतही गेला. चाळीस चोरांतला एक चोर पंचवीस वर्षांत लंडनच्या पडद्यापर्यंत पोहोचला.

पैसा आला तेव्हा त्यांनी तो विटांत घातला. १९५४ मध्ये वांद्र्याच्या हिल रोडवर मेहबूब स्टुडिओ उभा राहिला. ज्या मुंबईत ते स्टुडिओच्या दाराबाहेर उभे राहत, तिथे आता त्यांचं स्वतःचं दार होतं. नंतर कित्येक बड्या निर्मात्यांचे चित्रपट याच जागेत तयार झाले. त्याच वर्षी आलेला 'अमर' मात्र फारसा चालला नाही. नायकच गुन्हेगार, एका गरीब मुलीचा गुन्हेगार, ही गोष्ट तेव्हाच्या लोकांना पचली नाही.

'मदर इंडिया' आणि कापलेली निशाणी

'औरत'ची गोष्ट मेहबूब खान यांच्या मनातून गेली नव्हती. सतरा वर्षांनी ती त्यांनी पुन्हा सांगितली, रंगात, मोठ्या पटावर, आणि नाव दिलं 'मदर इंडिया'. या नावाने सरकारी खात्यांचे कान टवकारले. कारण १९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने याच नावाचं पुस्तक लिहून हिंदुस्थानची बदनामी केली होती. १९५५ मध्ये खात्यांनी कथा मागवली. मेहबूब खान यांनी संहिता पाठवली आणि कळवलं की त्यांचा चित्रपट त्या पुस्तकाच्या अगदी उलट आहे, त्या बदनामीला उत्तर म्हणूनच हे नाव घेतलं आहे.

चित्रण मेहबूब स्टुडिओत आणि गावांत, त्यात बिलिमोऱ्याच्या आसपासचा त्यांचा मुलूखही आला. सुरतजवळच्या उमरा गावात गंजी पेटवण्याचा प्रसंग घेताना आग हाताबाहेर गेली आणि नर्गिस आत अडकल्या. पडद्यावर त्यांचा मुलगा झालेल्या सुनील दत्त यांनी आगीत घुसून त्यांना बाहेर काढलं. पुढे दोघांचं लग्न झालं. आणि सुखीलाला? १९४० मध्येही कन्हैयालाल, १९५७ मध्येही कन्हैयालाल. माणसं बदलली, सावकार तोच. मेहबूब साहेबांनी हे मुद्दाम केलं की नाही कोण जाणे, पण मुलांना समजावायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

ऑक्टोबर १९५७ मध्ये चित्रपट आला. राष्ट्रपती भवनात खास खेळ झाला, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद आणि पंडित नेहरू यांनी तो पाहिला. फिल्मफेअरचं उत्कृष्ट चित्रपटाचं आणि दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, नर्गिस यांना कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवात अभिनेत्रीचा सन्मान मिळाला. आणि परदेशी भाषेतल्या चित्रपटांच्या विभागात ऑस्करच्या अंतिम यादीत जाणारा हा पहिला भारतीय चित्रपट ठरला. पारितोषिक गेलं इटलीच्या फेलिनी यांच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'ला. एका मताने हुकलं, असं नेहमी सांगितलं जातं.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी. ऑस्करसाठी जी प्रत तयार झाली ती मूळ चित्रपटापेक्षा बरीच छोटी होती. साधारण तीन तासांचा चित्रपट दोन तासांवर आणला होता. आणि कापलेल्या गोष्टींत सुरुवातीची निशाणीही होती. विळा-हातोडा काढून टाकला. अमेरिकेत तो काळ कम्युनिस्टांच्या भीतीचा होता. नुसत्या संशयावरून तिथल्या लेखक-दिग्दर्शकांची कामं गेली होती. अशा ठिकाणी पहिल्याच मिनिटाला रशियाच्या झेंड्यावरची खूण दिसली तर पुढचं कोण बघणार, हा हिशेब त्यामागे होता.

वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मुलांत सरळ दोन तट पडले. एकांचं म्हणणं, हे चुकलं. जी ओळख आहे ती आहे, कुणाला आवडत नाही म्हणून पुसायची का? दुसऱ्यांचं म्हणणं, चित्रपट जगापर्यंत पोहोचणं महत्त्वाचं, निशाणी नंतरही दाखवता येते. मुलं बोलत होती मेहबूब खान यांच्याबद्दल, पण मला ऐकू येत होतं आपल्याबद्दल. नोकरीच्या अर्जावर नाव कसं लिहायचं, भाड्याचं घर शोधताना काय सांगायचं नि काय नाही, कॉलेजात डोक्यावर ओढणी ठेवायची की नाही. आपल्या मुलांना पुढे या कापाकापीचा हिशेब करावा लागणार आहे. काहींना आजच करावा लागतोय.

मी त्यांना माझं मत सांगितलं, ते इथेही सांगतो. मला ती कापलेली निशाणी टोचते. पण आत डोकावलं तर दिसतं की निशाणी गेली तरी नांगर ओढणारी राधा तिथेच होती. सावकाराची वही तिथेच होती. निशाणीचा अर्थ चित्रपटाच्या पोटात इतका भिनलेला होता की वरची खूण कापून तो निघणार नव्हता. ज्याच्याजवळ फक्त खूण असते त्याची खूण कापली की सगळं संपतं. मेहबूब खान यांच्याजवळ काम होतं. आणि दुसरी गोष्ट, भारतातल्या प्रतीवर ती निशाणी तशीच राहिली. आज माझ्या वर्गातल्या मुलांनी प्रश्न विचारला तो त्यामुळेच. एक मुलगा मात्र शेवटपर्यंत मानला नाही, आणि त्याने मानावं असा माझाही आग्रह नव्हता.

घर आणि शेवटचे दिवस

मेहबूब खान यांचा पहिला निकाह फातिमा यांच्याशी झाला होता, त्यांच्यापासून मुलं होती. नंतर 'औरत'ची राधा म्हणजे सरदार अख्तर यांच्याशी त्यांनी लग्न केलं. 'मदर इंडिया'त छोट्या बिरजूचं काम करणारा साजिद हा मुंबईच्या गरीब वस्तीतला पोरगा. मेहबूब आणि सरदार अख्तर यांनी त्याला आपलंसं करून वाढवलं. त्याच साजिदला घेऊन मेहबूब खान यांनी १९६२ मध्ये 'सन ऑफ इंडिया' केला. चित्रपट पडला. 'मदर इंडिया'नंतर लोकांच्या अपेक्षा आभाळाला टेकल्या होत्या, आणि त्या ओझ्याखाली तो टिकला नाही. साजिद मात्र पुढे अमेरिकन चित्रपट आणि टीव्ही मालिकेपर्यंत गेला.

१९६३ मध्ये सरकारने मेहबूब खान यांना पद्मश्री दिली. काश्मीरची शायरा हब्बा खातून हिच्यावर चित्रपट करायचं त्यांच्या मनात होतं. तो राहून गेला. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरू गेले. दुसऱ्या दिवशी, २८ मे रोजी, मेहबूब खान यांचं हृदयविकाराने निधन झालं. वय छप्पन्न. सगळा देश नेहरूंच्या दुःखात बुडालेला असताना मुंबईत मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आलं. लिबर्टी थिएटर तिथून फार दूर नाही.

२००७ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. ज्याला पत्र लिहिणं जड जायचं त्याचा चेहरा पत्रांवर चिकटला.

शेवटी दोन शब्द पालकांसाठी. मेहबूब खान शिकले नाहीत तरी मोठे झाले, असं म्हणून कुणी पोराला शाळेतून काढू नये. ज्या हजारो मुलांनी त्यांच्यासारखंच गाव सोडून मुंबई गाठली आणि ज्यांचं नाव आज कुणालाच माहीत नाही, त्यांचाही हिशेब करा. आणि 'एलान' विसरू नका. स्वतः मेहबूब साहेबांनी आपल्या लोकांना शाळेकडेच बोट दाखवलं होतं. दुसरं असं की पुढच्या वेळी टीव्हीवर त्यांचा जुना चित्रपट लागला तर सुरुवातीचा भाग पुढे ढकलू नका. पोरांना जवळ बसवा आणि ती निशाणी दाखवा. ती प्रश्न विचारतील. विचारू द्या.

माझ्या वर्गात त्या दिवशी तास संपला तरी सुखीलाला काही आला नाही. तो आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. सुरुवात पुन्हा पहिल्यापासून केली, मुलांनीच तसा हट्ट धरला. शेर आला तेव्हा दोन-तीन मुलं आवाजात आवाज मिसळून म्हणत होती. मागच्या बाकावरची ती मुलगी वहीत विळा आणि हातोडा काढत होती, आणि मध्ये तिने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर घातलं होतं.

अल्लाह मेहबूब साहेबांची मगफिरत करो.